दुय्यम पदाचे मोल

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. या व्यासपीठावरून आजवर अभियंते बोलले, डॉक्टर बोलले, मोठमोठ्या हुद्द्यांवरील अधिकारी बोलले. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. त्यापुढे शिक्षकाच्या पदविकेची दोन वर्षे आणि नंतर ३८ वर्षे प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे म्हणवून घेणे, एवढीच आमची पुंजी. शाळेच्या हजेरीपटावर आमच्या नावापुढे पहिल्या दिवशी ‘उपशिक्षक’ असे लिहिले गेले आणि २०१५ साली निवृत्त झालो त्या दिवशीही तेच लिहिलेले होते. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत आम्ही कधी बसलो नाही. अशा माणसाने यशस्वी विद्यार्थ्यांस काय सांगावे? परंतु मनात एक गोष्ट बरेच दिवस सलत होती आणि ती सांगण्यास याहून योग्य जागा नाही, असे वाटल्यावरून आम्ही होकार दिला.

आमचा विषय आहे महाविद्यालयातील धावपटूंच्या सहाय्यक प्रशिक्षकाचा. विषय ऐकून काहींस नवल वाटेल. ज्ञातीच्या संमेलनाचा आणि परदेशच्या एका सहाय्यक प्रशिक्षकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध आमच्याच एका चुकीतून आलेला आहे. ती चूक आधी सांगणे भाग आहे.

आपले मंडळ वधू-वर सूची प्रसिद्ध करते, हे सर्वांस विदित आहे. तिच्या मुद्रितांची तपासणी काही वर्षे आमच्याकडे होती. शाळामास्तराचे डोळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बरोबर पकडतात, म्हणून ते काम आमच्याकडे आले. एका वर्षी त्या सूचीत आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांची नोंद होती. मुलगा शारीरिक शिक्षणाचा पदवीधर. विद्यार्थिदशेत पाच हजार मीटर धावत असे. पुढे एका महाविद्यालयात मैदानी खेळांचा सहाय्यक प्रशिक्षक म्हणून तो लागला. नोकरी कराराची, वेतन बेताचे. त्याने स्वतःच्या हाताने फॉर्म भरला होता व व्यवसायाच्या रकान्यात ‘सहाय्यक प्रशिक्षक’ असे स्वच्छ लिहिले होते. आमच्या भावजय आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “भावोजी, तो ‘सहाय्यक’ शब्द तेवढा बरा दिसत नाही हो. मुलीकडचे लोक तेवढेच वाचतात.” आम्ही लाल शाईची लेखणी उचलली आणि तो शब्द खोडला. ३८ वर्षे मुलांच्या वह्यांत ज्या शाईने आम्ही खरे-खोटे निवडले, त्याच शाईने आम्ही एक खरा शब्द खोडला.

पुढे एका घरातील मंडळी मुलास पाहावयास आली. बोलता बोलता मुलीच्या वडिलांनी कामाची चौकशी केली. पुतण्याने सरळ सांगितले की, आपण सहाय्यक आहोत, मुख्य प्रशिक्षक दुसरे आहेत. त्या गृहस्थांनी पिशवीतून सूची काढली, चष्मा लावला आणि नोंद पुन्हा वाचली. “यात तर तसे लिहिलेले नाही,” एवढेच ते म्हणाले. चहा झाला, पोहे झाले, निरोप झाला. पण पुढचे बोलणे झाले नाही. काही दिवसांनी मध्यस्थांकडून कळले की, पद लहान आहे म्हणून त्यांची काही तक्रार नव्हती. एक शब्द लपविला, तर आणखी काय काय लपविले असेल, अशी शंका त्यांस आली. मुलीच्या बापास अशी शंका येणे रास्तच होते.

त्या दिवशी पुतण्या संध्याकाळी आमच्याकडे आला. रागावला नव्हता. त्याने विचारले, “काका, तो शब्द तुम्ही का खोडलात? मी जे काम करतो त्याचेच ते नाव आहे. तुम्हीही जन्मभर उपशिक्षक होतात ना?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. मग त्याने विचारले, “काका, युजीनचे मैदान आठवते?”

ते मैदान आम्हांस आठवत होते. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात युजीन या गावी मैदानी खेळांची जागतिक स्पर्धा भरली होती. आपल्याकडे त्या वेळी सकाळ असे. बीड जिल्ह्यातील मांडवा या गावचे अविनाश साबळे तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत तेथे धावले व अकरावे आले. आणि २४ जुलै रोजी सकाळी नीरज चोप्रा यांनी ८८.१३ मीटर भाला फेकून रौप्यपदक मिळविले. हे दोन्ही प्रसंग पुतण्याने आम्हांस दूरदर्शन-संचासमोर बसवून दाखविले होते. त्या मैदानाचे नाव हेवर्ड फील्ड. त्याच्या एका कोपऱ्यात एक उंच मनोरा असून त्यावर पाच व्यक्तींच्या भव्य प्रतिमा आहेत. त्यांतील एक प्रतिमा बिल बॉवरमन या थोर प्रशिक्षकांची. दुसरी त्यांचा शिष्य म्हणून जगप्रसिद्ध झालेला धावपटू स्टीव्ह प्रीफाँटेन याची. उरलेल्या तीन प्रतिमा त्या विद्यापीठाच्या इतर नामवंत खेळाडूंच्या.

पुतण्या म्हणाला, “काका, त्या गुरूच्या आणि त्या शिष्याच्या मध्ये रोज मैदानावर उभा राहणारा एक माणूस होता. तो त्या मनोऱ्यावर नाही. तो सहाय्यक होता.” आणि मग त्याने आम्हांस बिल डेलिंजर यांची हकिकत सांगितली. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. पुतण्याने पुढील काही महिन्यांत जे जे वाचून दाखविले, त्यावरून आम्ही ती आपणांस यथामति निवेदन करतो.

डेलिंजर यांचा जन्म १९३४ साली ओरेगॉन राज्यातच झाला. युजीनला लागूनच स्प्रिंगफील्ड नावाचे गाव आहे. तेथील शाळेत ते शिकले व पुढे ओरेगॉन विद्यापीठात दाखल झाले. तेथे बॉवरमन हे मुख्य प्रशिक्षक होते. बॉवरमन हे मूळचे शाळामास्तर आणि दुसऱ्या महायुद्धात लढलेले सैनिक. त्यांच्या हाताखाली डेलिंजर तयार झाले आणि १९५४ साली अमेरिकेतील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत मैलाची शर्यत त्यांनी जिंकली. त्यानंतर १९५६ साली मेलबर्न, १९६० साली रोम व १९६४ साली टोकियो अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत त्यांनी पाच हजार मीटर शर्यतीत भाग घेतला. पहिल्या दोन खेपांस पदक मिळाले नाही. ज्या रोमच्या ऑलिंपिकमध्ये आपले मिल्खासिंग चारशे मीटर शर्यतीत चवथे आले, तेथूनच डेलिंजर हेही रिकाम्या हाताने परतले होते.

टोकियोला गेले तेव्हा ते ३० वर्षांचे होते. शर्यतीच्या दिवशी पाऊस पडत होता व मैदान भिजलेले होते. शेवटच्या फेरीत फ्रान्सचे मिशेल जाझी पुढे निघाले. अखेरच्या सरळ टप्प्यात अमेरिकेचे बॉब शुल यांनी त्यांस गाठून सुवर्णपदक घेतले व जर्मनीचे हाराल्ड नॉरपोथ दुसरे आले. थकलेल्या जाझींस डेलिंजर यांनी अगदी अंतिम रेषेशी मागे टाकले. दोघांची वेळ १३ मिनिटे ४९.८ सेकंद अशी एकच नोंदली गेली. परंतु कांस्यपदक डेलिंजर यांस मिळाले. पहिल्या व तिसऱ्या क्रमांकांत अवघ्या एका सेकंदाचे अंतर होते.

ऑलिंपिक पदक गळ्यात पडल्यावर मनुष्याने काय करावे? आपल्याकडे असता तर हत्तीवरून मिरवणूक निघाली असती. डेलिंजर शिक्षक झाले. प्रथम एका माध्यमिक शाळेत, नंतर लेन कम्युनिटी कॉलेज या लहानशा महाविद्यालयात त्यांनी मुलांस धावण्याचे शिक्षण दिले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते आपल्या जुन्या विद्यापीठात बॉवरमन यांचे सहाय्यक म्हणून रुजू झाले. ऑलिंपिक पदक मिळविलेला मनुष्य आपल्याच गुरूच्या हाताखाली दुय्यम जागेवर राहिला, ही गोष्ट आम्हांस प्रथम अचंब्याची वाटली.

सहाय्यक प्रशिक्षकाचे काम काय असते, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. कारण पुतण्या घरचाच असूनही आम्हांस ते ठाऊक नव्हते. अमेरिकेतील विद्यापीठांत मैदानी खेळांचा एक मुख्य प्रशिक्षक असतो व त्याच्या हाताखाली सहाय्यक असतात. कोणी उड्यांचा, कोणी फेकीचा, कोणी लांब पल्ल्याच्या धावण्याचा. शाळाशाळांतून गुणी मुले हेरणे, त्यांच्या घरी पत्रे लिहिणे, आईबापांस भेटणे, सकाळी सर्वांच्या आधी मैदानावर जाणे, हातात स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक फेरीचा काळ टिपणे, कोणाचा पाय दुखावला, कोणाची झोप झाली नाही, कोणाचा अभ्यास मागे पडला याची वास्तपुस्त ठेवणे, हे सर्व सहाय्यकाकडे. शर्यत जिंकली की वर्तमानपत्रात मुख्य प्रशिक्षकाचे नाव येते. हरली की मुलगा सहाय्यकाच्या खांद्यावर डोके ठेवून रडतो.

बॉवरमन यांनी धावपटूंच्या शिक्षणाची एक शिस्त घालून दिली होती. एक दिवस कठोर परिश्रमाचा, तर त्यापुढचा दिवस हलक्या श्रमाचा. शरीर परिश्रमाने बळकट होत नाही, परिश्रमानंतरच्या विश्रांतीत बळकट होते, असे हे तत्त्व. दुसरी गोष्ट दोन गतींची. धावपटू आज ज्या गतीने धावू शकतो ती आजची गती, व हंगामाच्या अखेरीस त्याला जी गाठावयाची ती ध्येयाची गती. दोन्ही वेगवेगळ्या लिहावयाच्या, सरावात दोहोंस जागा द्यावयाची, ठराविक आठवड्यांनी चाचणी घ्यावयाची आणि आजची गती हळूहळू ध्येयाकडे सरकवीत न्यावयाची. हे ऐकल्यावर आमच्यातला मास्तर जागा झाला. मुलास सातचा पाढा येत नसता त्याला त्रैराशिक घालणारा शिक्षक आणि पोराची आजची गती न पाहता त्याला ध्येयाच्या गतीने पळविणारा बाप, हे दोघे एकाच माळेचे मणी होत.

बॉवरमन यांची ही शिस्त दररोज मैदानावर राबविण्याचे काम डेलिंजर यांचे होते. त्यांच्या शिष्यांत प्रसिद्ध असलेला एक सराव असा: दोनशे मीटर ३० सेकंदांत धावावयाचे, पुढचे दोनशे मीटर ४० सेकंदांत, पुन्हा ३०, पुन्हा ४०, आणि ही गती राखणे अशक्य होईपर्यंत मध्ये न थांबता हेच चालू ठेवावयाचे. ऐकावयास सोपे आहे. करणाऱ्याची छाती फुटते, आणि शेजारी घड्याळ धरून उभे राहणाऱ्यास नेमक्या कोणत्या फेरीला थांब म्हणावयाचे हे कळावे लागते. तेवढे कळण्यासाठी त्या मुलाकडे रोज पाहावे लागते. महिन्यातून एकदा पाहणाऱ्यास ते कळत नाही.

१९६९ साली कूस बे या बंदराच्या गावचा स्टीव्ह प्रीफाँटेन विद्यापीठात आला. वय १८. उंचीने बेताचा, स्वभावाने आगीचा लोळ. शर्यत सुरू होताच पुढे जावयाचे व शेवटपर्यंत पुढेच राहावयाचे, हा त्याचा बाणा. त्यास विद्यापीठात आणण्यासाठी बॉवरमन यांनी स्वतः पत्र लिहिले होते आणि जग त्याला बॉवरमन यांचाच शिष्य म्हणून ओळखते. ते खोटेही नाही. परंतु त्याचे दैनंदिन शिक्षण मुख्यत्वे डेलिंजर यांच्याकडे होते. तीन मैल किंवा पाच हजार मीटर या शर्यतीत १९७० पासून १९७३ पर्यंत ओळीने चार वर्षे तो महाविद्यालयांचा राष्ट्रीय विजेता ठरला. रानवाटांवरून धावण्याच्या क्रॉसकंट्री या प्रकाराची जबाबदारी डेलिंजर यांच्याकडे होती, आणि ते अद्याप बॉवरमन यांचे सहाय्यक असतानाच, १९७१ साली, त्यांच्या संघाने त्या प्रकारात राष्ट्रीय विजेतेपद मिळविले.

१९७२ च्या म्युनिच ऑलिंपिकमध्ये प्रीफाँटेन पाच हजार मीटर धावला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. अखेरचा मैल सुरू होताच तो पुढे झाला. शेवटी फिनलंडचे लासे विरेन व ट्युनिशियाचे मोहम्मद गामूदी निसटले, आणि ब्रिटनचे इयान स्टुअर्ट यांनी त्यास अगदी रेषेजवळ मागे टाकले. तो चवथा आला. ज्या शर्यतीत आठ वर्षांपूर्वी डेलिंजर यांनी रेषेशी एकास मागे टाकून पदक घेतले होते, त्याच शर्यतीत त्यांचा शिष्य रेषेशी मागे पडून पदकास मुकला. पुढे त्याने अमेरिकेत दोन हजार मीटरपासून दहा हजार मीटरपर्यंतचे सर्व विक्रम आपल्या नावावर केले, आणि ३० मे १९७५ रोजी हेवर्ड फील्डवर शर्यत जिंकल्यानंतर काही तासांतच मोटार-अपघातात तो मृत्यू पावला. वय अवघे २४. त्याच्या नावे युजीनमध्ये पुढे दरवर्षी मोठी स्पर्धा भरू लागली.

१९७३ साली बॉवरमन निवृत्त झाले आणि डेलिंजर मुख्य प्रशिक्षक झाले. १९९८ पर्यंत, म्हणजे २५ वर्षे, ते त्या पदावर होते. क्रॉसकंट्रीची आणखी तीन राष्ट्रीय विजेतेपदे आणि १९८४ साली मैदानी खेळांचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्या संघांनी मिळविले. त्यांच्या हाताखाली शिकलेले मॅट सेंट्रोविट्झ ऑलिंपिकपटू झाले, पुढे स्वतःही महाविद्यालयीन प्रशिक्षक झाले आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मुलाने पंधराशे मीटर शर्यतीत सुवर्णपदक मिळविले.

येथे एक आक्षेप संभवतो व तो आमच्याच भावजयींनी घेतला. त्या म्हणाल्या, “म्हणजे शेवटी ते मुख्य झालेच ना? मग सहाय्यकाची थोरवी ती कोणती?” प्रश्न बिनतोड आहे. सहाय्यकाचे पद ही केवळ पुढच्या खुर्चीची पायरी असेल, तर आमच्या बोलण्यात अर्थ नाही. परंतु आपण तारखा पाहाव्यात. प्रीफाँटेनची विद्यापीठातील वर्षे १९६९ ते १९७३. त्या बहुतेक काळात डेलिंजर सहाय्यक होते. ज्या एका शिष्यामुळे ते गाव धावण्याची पंढरी म्हणून जगभर गाजले, त्याला त्यांनी दुय्यम पदावर असताना घडविले. पुढे मुख्य होऊन त्यांनी जे मिळविले ते मोठेच. परंतु ते मुख्य झाले नसते, तरी प्रीफाँटेन तेवढाच वेगाने धावला असता. काम त्या दिवशीच पूर्ण झाले होते.

आणि जे कधीच मुख्य झाले नाहीत, त्यांचे काय? अशांची गणती कोणी ठेवीत नाही. त्यांपैकी एक आपल्यापुढे उभा आहे, म्हणून एक अनुभव सांगतो. आमच्या वर्गातील एक मुलगा एका वर्षी शिष्यवृत्ती परीक्षेत जिल्ह्यात वर आला. त्याला रोज शाळा सुटल्यावर आम्ही शिकविले होते. सत्कार झाला, छायाचित्र निघाले, त्यात आम्ही नव्हतो. आम्हांस कोणी बोलावले नाही. आम्ही मनात अढी धरली. त्या सत्रात आम्ही वह्या तपासल्या, पण वरवर. शाळा सुटली की पिशवी उचलून घरी. आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्यास भागाकार येत नसे. तो रोज शाळा सुटल्यावर पाटी घेऊन दाराशी उभा राही आणि आम्ही ‘उद्या’ म्हणून निघून जात असू. काही दिवसांनी तो उभा राहीनासा झाला. वार्षिक परीक्षेत तो गणितात नापास झाला. मुख्याध्यापकांचे त्यात काही बिघडले नाही. आमचा मान त्यामुळे वाढला नाही. छायाचित्रातील जागेचे मोल त्या पोराकडून आम्ही वसूल केले. दुय्यम पदावरील माणसास खरा धोका अपमानाचा नाही, अढीचा आहे. अपमान होतो तो आपला; अढीची किंमत भलताच कोणी देतो.

परंतु बंधूंनो, आमच्या बोलण्याचा विपर्यास होऊ नये. दुय्यम पदाचे गुणगान करावयाचे आणि त्या पदावरील माणसास अर्धपोटी ठेवावयाचे, हा ढोंगीपणा आम्हांस मान्य नाही. अमेरिकेतही तो झाला. तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने खर्च कमी करण्यासाठी १९९२ पासून सहाय्यक प्रशिक्षकांच्या एका वर्गास वर्षाला १६,००० डॉलरांहून अधिक वेतन देता येणार नाही, असा नियम लागू केला. मुख्य प्रशिक्षकांस असे बंधन नव्हते. हे सहाय्यक हात जोडून बसले नाहीत; ते न्यायालयात गेले. १९९५ साली न्यायालयाने तो नियम व्यापारस्पर्धेच्या कायद्याविरुद्ध ठरविला, १९९८ साली वरच्या न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि १९९९ साली संघटनेने ५ कोटी ४५ लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. आपल्याकडे तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक, मानधनावरील शिक्षणसेवक आणि करारावरील प्रशिक्षक यांची घरे आपल्या ज्ञातीतही आहेत. त्यांस ‘तुमचे काम थोर आहे’ असे सांगून त्यांच्या वेतनाचा प्रश्न टाळता येणार नाही. कामाचा मान आणि कामाचा दाम, दोन्ही मागण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो कामाचे नाव लपविण्यात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी स्थिती त्यातून ओढवते, आणि ती आम्ही आमच्या पुतण्यावर ओढवली.

आज येथे पहिल्या क्रमांकांचा गौरव होत आहे, तो योग्यच आहे. परंतु विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांस पुढे आयुष्यात कोणाच्या तरी हाताखाली काम करावयाचे आहे. उपअभियंता, सहाय्यक परिचारिका, दुय्यम निबंधक, उपशिक्षक अशीच पदे पुष्कळांच्या वाट्यास येतील. कोणी काही वर्षे त्या पदावर राहील, कोणी जन्मभर. त्या पदास प्रतीक्षालय समजू नका. गाडी येईल तेव्हा येईल. तोवर समोर जो मुलगा पाटी घेऊन उभा आहे, त्याचा भागाकार करवून घ्या. आणि आईबापांनो, तुमच्या मुलाची आजची गती काय आहे, हे चारचौघांत सांगण्याची लाज बाळगू नका. ध्येयाची गती मनात अवश्य ठेवा, पण आजच्या रकान्यात ती लिहू नका.

आता आमचे प्रायश्चित्त. आम्ही कार्यकारी मंडळास पत्र देऊन दोन विनंत्या केल्या आहेत. पहिली ही की, वधू-वर सूचीत उमेदवार आपल्या कामाचे जे नाव स्वतः लिहील तेच अक्षरशः छापावे; मुद्रिते तपासणाऱ्याने ऱ्हस्व-दीर्घ तेवढे सुधारावे. दुसरी ही की, येत्या सूचीत आमच्या पुतण्याची नोंद पुन्हा छापावी, आणि तीत ‘सहाय्यक’ हा शब्द असावा. ही नोंद आम्ही त्यास विचारून दिली आहे. तो हसून म्हणाला, “काका, या खेपेस निळ्या शाईने लिहा.” आम्ही निळ्या शाईने लिहिली.

आणि एक क्षुल्लक गोष्ट. निवृत्तीच्या वेळी आमच्या चिरंजीवांनी दारावर पितळी पाटी लावली. तीवर आमच्या नावाखाली ‘निवृत्त शिक्षक’ असे आहे. तेही खोटे नाही, म्हणून ती इतकी वर्षे तशीच राहिली. गेल्या महिन्यात आम्ही ती पाटी काढून कोरणाऱ्याकडे नेली आणि ‘शिक्षक’ या शब्दापूर्वी ‘उप’ ही दोन अक्षरे घालावयास सांगितली. कोरणारा म्हणाला, “मास्तर, लोक उलट काढून टाकायला येतात.” जागा कमी होती, म्हणून ती अक्षरे थोडी वर, चिमणी बसावी तशी बसली आहेत. आपण आमच्या घरी याल तेव्हा ती पाहावीत.

आजच्या यशस्वी विद्यार्थ्यांस व त्यांच्या अनाम उपशिक्षकांस आशीर्वाद देऊन, आम्ही आपली रजा घेतो.